कथा कुणाला दाखवायची? नाशिकमध्ये लेखनगट शोधणाऱ्यांसाठी

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. २२ वर्षं हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घेण्याची साधनं. लिहायला लागलो चाळिशी उलटल्यावर, आणि पहिली तीन वर्षं जे काही लिहिलं ते कपाटात, विम्याच्या फायलीखाली. एकदा हिला कथा वाचून दाखवली. ऐकून घेतली आणि म्हणाली, "छान आहे, पण हा माणूस म्हणजे आपले भाऊजी ना?" त्यानंतर घरात वाचून दाखवणं बंद केलं.

चार वर्षांपूर्वी एका लेखनगटात शिरलो. शिरण्याआधीचं दीड वर्ष मात्र भलत्याच ठिकाणी घालवलं. दोनदा पैसे घातले, एकदा भरल्या सभेत हसं करून घेतलं. गट कसा शोधायचा, शोधल्यावर तिथे वागायचं कसं, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हा खटाटोप.

१. आपण काय शोधतोय ते आधी ठरवा

"आमचा साहित्याचा ग्रुप आहे, या एकदा," असं म्हणणारे नाशिकमध्ये पुष्कळ भेटतील. त्या एका वाक्याचे चार अर्थ होतात.

पहिला, काव्यकट्टा. एक जण उठतो, कविता म्हणतो, टाळ्या पडतात, पुढचा उठतो. सभाधीटपणा येतो, ओळखी होतात. तुमच्या कवितेतली तिसरी ओळ लंगडी आहे हे मात्र तिथे कुणी सांगणार नाही, आणि सांगायचं नसतंच.

दुसरा, व्हॉट्सॲपवरचा समूह. रोज एक विषय, आठवड्याला स्पर्धा आणि भाग घेईल त्याला सन्मानपत्र. मला पाच महिन्यांत ११ सन्मानपत्रं मिळाली. माझं आडनाव त्यांतल्या चारांवर चुकलेलं होतं.

तिसरा, कार्यशाळा. दोन दिवस जाणकार बोलतात, आपण उतरवून घेतो. चांगल्या कार्यशाळेला जरूर जा. पण रविवारी संध्याकाळी ती संपते आणि सोमवारी आपण पुन्हा कपाटासमोर एकटे.

चौथा, लेखनगट. सहा-आठ माणसं ठरलेल्या दिवशी बसतात, कच्चं लेखन मधोमध ठेवतात आणि त्यावर बोलतात. स्टेज नाही, माईक नाही, हार-तुरे नाहीत. पुढचं सगळं या चौथ्या प्रकाराबद्दल आहे.

हे काही नवं खूळ नाही. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ म्हणून एकत्र आली, ती रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता ऐकवतच. आणि १९३३ साली आपल्या नाशकात ध्रुव मंडळ काढलं ते विष्णु वामन शिरवाडकरांनी. वय वर्षं २१. ज्ञानपीठ वगैरे फार पुढचं, १९८७ चं. ज्यांच्या नावाची सभागृहं आपण बांधतो, त्यांनाही सुरुवातीला ऐकणारे पाच-सात जण लागले होते.

२. माणसं कुठे भेटतात

लेखनगटाची पाटी कुठे लावलेली नसते. गट माणसांतून कळतो, म्हणून जिथे वाचणारी माणसं येतात तिथे नियमित जायला लागा.

टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथल्या नोटीस बोर्डावर कार्यक्रम कळतील, पण माणूस भेटेल तो मासिकांच्या टेबलाशी. गंगापूर रोडच्या बाजूचं कुसुमाग्रज स्मारक हे दुसरं ठिकाण. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात शहरभर कार्यक्रम असतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. अशा ठिकाणी वक्त्याभोवती गर्दी करू नका. कार्यक्रम संपल्यावर चपला शोधता शोधता विषयावर वाद घालणारी दोन-तीन माणसं हमखास असतात. त्यांच्याशी बोला.

मला गट मिळाला तो एका पेटीमुळे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना तुम्हाला माहीत असेल. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत येते आणि तिथले लोक आपापसात पुस्तकं फिरवतात. आमच्या भागातली पेटी एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे होती. मी एक कादंबरी परत केली, त्यात माझी एक चिठ्ठी राहून गेली. सवयीने मी पान नंबर टाकून छपाईच्या चुकांची यादी केली होती, ४३ चुका. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन: "तुम्ही स्वतः लिहिता का हो?" मी नाही म्हणालो. मग दहा मिनिटांनी परत फोन करून हो म्हणालो.

अंतराचा विचार आधी करा, हे कळकळीने सांगतो. नाशिकरोडला राहून गंगापूर रोडच्या गटाला संध्याकाळी सहाला पोचायचं म्हणजे द्वारका चौक ओलांडणं आलं. तीन बैठकांनंतर उत्साह तिथेच अडकतो. अर्ध्या तासात पोचता येईल असा साधारण गट लांबच्या उत्तम गटापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे तुम्ही खरंच जाता.

३. जाताना जवळ काय हवं

– एक पूर्ण झालेलं लेखन, १५०० शब्दांच्या आत. सुरुवात-मध्य-शेवट असलेलं. "कादंबरीचं पहिलं प्रकरण आहे, पुढचं डोक्यात आहे" हे चालत नाही.
– त्याच्या प्रती. अक्षर १४ पॉइंटचं, दोन ओळींत दुप्पट अंतर, पानाच्या एकाच बाजूला छापलेलं, पान क्रमांक घातलेले. किती जण येतात ते विचारून तेवढ्या झेरॉक्स काढा.
– टायपिंग युनिकोडमध्येच. फोनवर मराठी कीबोर्डने टाइप करता ते युनिकोडच असतं. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलंत, तर दुसऱ्याच्या फोनवर तुमच्या कथेची रांगोळी होते.
– पेन्सिल. पेन नको. दुसऱ्याच्या पानावर शाईने लिहिलेलं फार अंगावर येतं, मास्तरांनी वही तपासल्यासारखं.
– एक साधी वही.

ऱ्हस्व-दीर्घाची काळजी आधी स्वतः घ्या. शुद्धलेखन तपासायला गट नसतो. सहा माणसांचे दोन तास 'आणि' मधल्या वेलांटीवर खर्च करायला लावणं बरं दिसत नाही.

आधार कार्ड, फोटो, प्रवेश अर्ज, परिचयपत्र यांतलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर सातवा टप्पा आधी वाचा.

४. पहिल्या दोन बैठका नुसतं बसा

आपली कथा पिशवीतच राहू द्या. बघायचं ते एवढंच: बोलणारा पानाचा आणि ओळीचा उल्लेख करून बोलतो की हवेत? ज्याचं लेखन आहे तो स्वतःच निम्मा वेळ खातो का? कॉलेजातली मुलगी बोलत असताना काका लोक मध्ये तोंड घालतात का? आणि चहाच्या वेळी सहज विचारून घ्या, "मागच्या खेपेला ज्यांच्या कथेवर बोललात ते आज आलेत का?" आले असतील तर गट बरा आहे.

५. आपलं लेखन मधोमध ठेवताना

आमच्याकडे एक नियम आहे: लेखकाने आपलं लेखन स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. १५०० शब्दांना बारा-तेरा मिनिटं लागतात. लेखकाने त्या वेळात फक्त ऐकायचं. मला हा नियम आधी जाचक वाटला. आज वाटतं, गटाने दुसरं काही केलं नाही तरी एवढं करावं. आपण स्वतः वाचतो तेव्हा जिथे वाक्य कच्चं असतं तिथे आवाजाने सावरून घेतो. दुसरा वाचतो तेव्हा कागदावर असतं तेवढंच ऐकू येतं.

माझी पहिली कथा होती पॉवर प्रेसवर बोट गमावलेल्या कामगाराची. अपघातानंतरच्या सात ओळींवर माझा फार जीव होता. त्यांत नियतीचा क्रूर पंजा होता, रक्ताने माखलेली स्वप्नं होती. वाचायला मिळाली एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला. त्याने त्या ओळी रेल्वेच्या उद्घोषणेसारख्या सरळ वाचून टाकल्या. 'क्रूर पंजा' आला तेव्हा माझे कान तापले. अजून कुणी काही बोललंही नव्हतं.

वाचन संपलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग पेटीवाल्या बाईंनी विचारलं, "त्या माणसाचा डबा कुणी नेला घरी?"

कथेत डबा नव्हताच. खऱ्या घटनेत होता. अपघात जेवणाच्या सुट्टीआधी झाला होता आणि डबा लॉकरमध्ये तसाच राहिला होता. संध्याकाळी तो त्याच्या घरी मीच पोचवला. वहिनींनी झाकण उघडलं, बघितलं, आणि काही न बोलता डबा मोरीत नेऊन ठेवला. हे तीन वर्षं माझ्या डोक्यात होतं आणि कथेत मी लिहिली होती नियती.

बाईंनी कथा चांगली म्हटली नाही, वाईटही म्हटली नाही. एक प्रश्न विचारला. त्या रात्री दुसरी पाळी करून आलो आणि दोनपर्यंत लिहीत बसलो. सात ओळी गेल्या, डबा आला.

म्हणून तुमच्या पाळीला हे पाळा. वाचन चालू असताना आपल्या प्रतीवर खूण करा, वाचणारा कुठे अडखळला, ऐकणाऱ्यांनी कुठे पान उलटून मागे पाहिलं. चर्चा चालू झाली की उत्तर देऊ नका. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे वाक्य तर अजिबात नको. तुम्ही खुलासा केलात की समोरचा भिडेपोटी "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि खरा प्रश्न गिळून टाकतो. शिवाय छापून आल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी खुलासा करायला तुम्ही जाणार आहात थोडेच?

सगळं वहीत उतरवा आणि दोन दिवस वही उघडू नका. तिसऱ्या दिवशी वाचा. तीन वेगवेगळ्या माणसांचं माप एकाच जागी चुकत असेल तर आमच्या कारखान्यात मापं घेणाऱ्यांना कुणी बोल लावत नाही, पार्ट बाजूला काढतात. एकालाच खटकलं असेल तर सोडून द्यायलाही हरकत नाही. सगळ्यांचं ऐकून कथा दुरुस्त करणारा माणूस आमच्या गटात होता. सहाव्या खर्ड्यापर्यंत ती कथा कुणाचीच राहिली नव्हती.

६. दुसऱ्याच्या लेखनावर बोलताना

गटात जाणारा जातो आपलं लेखन सुधारायला. माझं निम्म्याहून अधिक सुधारलं ते दुसऱ्यांची पानं वाचून. आठ जणांच्या गटात तुमची पाळी दोन-तीन बैठकांतून एकदा येते. उरलेल्या बैठका या भरणी नाहीत, मालच तिथे आहे. एका बाईंच्या कथेत 'अचानक' हा शब्द नऊ वेळा आला होता. मी मोठ्या तोऱ्यात मोजून दाखवला. घरी येऊन माझ्या कथेत मोजला, तर १४.

पण बोलायचं कसं, हे मलाही शिकावं लागलं. इन्स्पेक्शन रिपोर्टात मी 'छान' असा शेरा लिहिला तर साहेब मला घरी पाठवतील. कुठल्या जागी, किती, ड्रॉइंगपेक्षा कमी की जास्त, हे लिहावं लागतं. लेखनालाही तेच. "मस्त जमलंय" हा शेरा कानाला गोड, कामाला शून्य. "दुसऱ्या पानावर आजी बोलायला लागली तेव्हा मी परत मागे जाऊन पाहिलं, ही कोण म्हणून," हा शेरा लेखकाला घरी नेता येतो.

सुरुवात जे जमलंय तिथून करा, आणि तेही पान नंबर सांगूनच. हे गोड बोलणं नव्हे. नवख्या लेखकाला आपलं काय साधलंय हेच कळत नसतं, आणि दुरुस्तीच्या नादात तो नेमकं तेच कापून टाकतो. नंतर प्रश्न. सूचना शेवटी, आणि विचारली तरच. "मी असतो तर शेवट असा केला असता" हे वाक्य जिभेवर आलं की पाणी प्या. तुम्ही नव्हतात.

एका गोष्टीवरून आमच्याकडे जोरदार भांडण झालं ते सांगतोच. सटाण्याकडचा एक मुलगा बागलाणातल्या अहिराणीत संवाद लिहून घेऊन आला. एक गृहस्थ म्हणाले, "विषय उत्तम, पण भाषा जरा शुद्ध करा." मुलगा लाल झाला. माझ्या मते अशा वेळी गटाने तिथल्या तिथे बोलायला हवं, नंतर एकट्याला गाठून समजूत काढणं पुरत नाही. बाई बोलल्या. म्हणाल्या, "अहिराणी अशुद्ध नाही, ती तुम्हाला येत नाही." मग चर्चा योग्य प्रश्नावर आली: ज्याला अहिराणी येत नाही त्याला संदर्भावरून वाक्य लागतं का? दोन ठिकाणी लागत नव्हतं. मुलाने तेवढी दोन सावरली, बाकीची तशीच ठेवली. ते गृहस्थ दोन बैठका आले नाहीत. तिसरीला आले आणि त्याच मुलाशेजारी बसले.

आणखी एक. आमच्यातल्या एका ताईंनी वर्षभर एक ओळ लिहिली नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तरी त्या यायच्या, इतरांचं वाचायच्या, बोलायच्या, निघायच्या. "तुमचं कधी?" असं कुणी विचारलं नाही. माझ्या कथांतल्या दोन सर्वांत मोठ्या चुका त्यांनीच त्या वर्षात पकडल्या. लिहीत नसलेल्या माणसाला खुर्ची ठेवतो तो गट धरून राहा. हा माझा एकमेव ठाम आग्रह, बाकी सगळ्यावर वाद घालू.

७. सापळे

प्रातिनिधिक संग्रह. "निवडक ५० कवींचा संग्रह काढतोय, तुमची निवड झाली आहे." निवड झाल्याचा आनंद दोन मिनिटं टिकतो, मग कळतं की दोन पानांसाठी १५०० रुपये भरायचे आणि बदल्यात दोन प्रती मिळणार. मी भरले. पुस्तक विकत घेणारे कोण होते? आम्ही पन्नास जण. तुम्हाला हौस म्हणून करायचं असेल तर करा, पण त्याला निवड म्हणू नका.

फी घेणारे पुरस्कार. राज्यस्तरीय, नोंदणी शुल्क अमुक, शाल-श्रीफळ आणि ट्रॉफी. इथेही मी एकदा फसलो. स्टेजवर आमची रांग इतकी लांब होती की सूत्रसंचालकाची यादी दोनदा संपली आणि माझं नाव पुकारताना त्याने मला 'ज्येष्ठ कवयित्री' केलं. हसं झालं ते हेच.

'सर' लावणं. आपल्याकडे पाच कविता झाल्या की माणूस सर होतो. आता सरांच्या कवितेला कोण काय बोलणार? आम्ही ठरवून ताई, दादा, काका, मावशी एवढ्यावर आलो. फक्त त्या मुख्याध्यापिकांना 'बाई' म्हणतो, कारण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही.

चोरीची भीती. "माझी कल्पना कुणी ढापली तर?" नव्या माणसाला हे हमखास वाटतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर तुमचा हक्क लिहिताक्षणीच येतो, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. नुसत्या कल्पनेला मात्र कायदा संरक्षण देत नाही. तेव्हा कल्पना सांगत फिरू नका, लिहून आणा. तारीख घालून स्वतःला ईमेल करून ठेवलंत तर पुढे दाखवायला काहीतरी राहतं.

ओळखीची माणसं. गटात कुणीतरी कुणाचा तरी नातेवाईक निघतोच, नाशिक तेवढं मोठं नाही. ज्याच्यावरून लिहिलंय त्याचा धंदा, गाव, अंगकाठी बदला. आमचे भाऊजी आता त्या कथेत एसटीचे कंडक्टर आहेत आणि मनमाडला राहतात.

८. गट मिळालाच नाही तर

सुरू करा. चार माणसं पुरतात, आठाच्या वर जाऊ नका. तीन कथा, प्रत्येकीला वाचनासकट ३५ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास, वर चहा. याहून लांबवलं की लोक घड्याळाकडे बघायला लागतात आणि शेवटच्या लेखकावर अन्याय होतो.

दिवस पक्का ठेवा. "सगळ्यांच्या सोयीने ठरवू" म्हटलं की संपलंच. माझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, म्हणून आमचा महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी नऊ. एक जण आला तरी बैठक झाली असं धरतो. एकदा धो धो पावसात मी आणि तो सटाण्याचा मुलगा, दोघंच होतो. त्याची अख्खी कथा ओळ न् ओळ वाचली.

जागा फुकटची शोधा, पण घर टाळा. कुणाच्या घरी बसलं की पोह्यांची स्पर्धा सुरू होते आणि घरातली बाई स्वयंपाकघरात अडकते, बहुधा लिहिणारी तीच असली तरीही. सोसायटीचं कार्यालय, वाचनालयाची खोली, उद्यानातला पार, काहीही चालेल. खर्च झेरॉक्स आणि चहाचा, तो डब्यात टाकायचा. अध्यक्ष-उपाध्यक्ष नेमू नका. कुणाचं लेखन कधी आहे एवढी नोंद ठेवणारा एक जण हवा. ते काम दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्या.

व्हॉट्सॲप समूह ठेवा, पण फक्त तारीख, ठिकाण आणि फाइल यांसाठी. गुड मॉर्निंग टाकणाऱ्याने पुढच्या चहाचे पैसे द्यायचे. आमच्याकडे या कलमावर एका काकांनी सलग दोन महिने चहा पाजला.

पहिल्या सहा महिन्यांत निम्मे गळतील. मे महिन्यात लग्नं, दिवाळीत फराळ, बैठका विरळ होतात. घाबरू नका, जूनमध्ये माणसं परत येतात.

९. छापायला पाठवताना

दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर दिवाळीच्या निदान चार-पाच महिने आधी कथा संपादकाकडे पोचायला हवी. म्हणजे गटात ती उन्हाळ्यातच यायला हवी. गणपतीत सुचलेली कथा पुढच्या वर्षाची समजा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दरवाजे बंद होतात.

नकार येतील, बरेचदा नकारसुद्धा येणार नाही, नुसती शांतता. आम्ही गटात नकारांची एक यादी ठेवली आहे. ज्याचे दहा पुरे होतात त्याला सगळे मिळून मिसळ खिलवतात. माझी डब्याची कथा तीन ठिकाणांहून परत आली, चौथ्या ठिकाणी लागली. छापलेला अंक त्या कामगाराच्या घरी द्यायला गेलो होतो. वहिनींनी अंक पदराने पुसून टीव्हीशेजारी ठेवला आणि विचारलं, "डबा आठवणीत होता होय तुमच्या?"

तर पहिल्या बैठकीला येताना पेन्सिल आणा, झेरॉक्स आणा, खाऊन मात्र येऊ नका. अकराला उठलं की मिसळ ठरलेली असते. नव्या माणसाकडून पैसे घेत नाही, दुसऱ्या खेपेपासून घेतो.